एडन, मुंबई आणि गच्चीवरची लठ्ठ कण्हेर

2022चा ऑगस्ट. वर्गात वासुदेव बळवंत फडके शिकवत होते. 1879चं बंड, रामोशी साथीदार, फडके पकडले जाणं, जन्मठेप. "आणि मग त्यांना एडनच्या तुरुंगात पाठवलं," असं म्हणाले, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, अंदमान म्हणायचंय का?"

"नाही. एडनच. येमेनमधलं."

"पण येमेन तर वेगळा देश आहे. इंग्रजांना तिथं कसं काय पाठवता आलं?"

प्रश्न चांगला होता. तेवढ्यात घंटा झाली आणि "उद्या सांगते" म्हणून मी सुटले. मी तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, तेही कधी हातात पडतील याचा नेम नाही, आणि उन्हाळ्यात तर तासच नाहीत. घंटेनंतरचं शिकवणं हिशेबात धरलं जात नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला.

संध्याकाळी गच्चीवर गेले. पाऊस भुरभुरत होता. पारदर्शक प्लॅस्टिकखाली माझी रोपं उभी होती, बोटभर उंचीची, खालून फुगलेली. त्यांच्या शेजारी नर्सरीतून आणलेली मोठी कुंडी आणि तिच्यावर अर्धवट पुसलेलं लेबल: अडेनियम ओबेसम. हे नाव मी वर्षभर रोज वाचत होते. त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं. अडेनियम. एडन. या नावाचा उगम एडनशी जोडला जातो, हे मग पुस्तकात सापडलं. दुपारी जे गाव मला धड समजावून सांगता आलं नव्हतं, ते माझ्या गच्चीवर कुंडीत उभं होतं.

तिथून हा शोध सुरू झाला. पण आधी या रोपांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्या आधीची शंभर मी स्वतःच्या हातानं मारली होती.

काळ्या मातीचा गर्व

बुलडाणा जिल्ह्यात कुणी भेटलं की पहिला प्रश्न येतो: घाटावरचे का घाटाखालचे? अजिंठ्याच्या डोंगररांगेनं जिल्ह्याचे दोन भाग केलेत. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार वर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद खाली, पूर्णेच्या खोऱ्यात. आम्ही घाटाखालचे. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, नळाला पाणी येण्याचे दिवस कॅलेंडरवर गोल करून ठेवावे लागतात, आणि बऱ्याच गावांत विहिरीचं पाणी खारं. या पट्ट्याला खारपाणपट्टाच म्हणतात.

अशा घरात फुलझाडांची हौस म्हणजे माझ्या आईच्या मते पाण्याची नासाडी. गुलाब गेला, शेवंती गेली, मोगरा कसाबसा तग धरून होता. मग कुणाच्या तरी स्टेटसवर 'डेझर्ट रोझ' दिसला. वाळवंटातला गुलाब! पाणी कमी, ऊन जास्त, फूल भरपूर. शिवाय मोठ्या झाडांना चांगली किंमत येते. उन्हाळ्यातल्या बिनपगारी महिन्यांचा प्रश्न सुटेल असं वाटलं.

2021च्या मार्चमध्ये एका ऑनलाइन विक्रेत्याकडून शंभर बिया मागवल्या. त्यात दहा 'निळ्या फुलाच्या' म्हणून जास्त पैसे देऊन घेतल्या. निळ्या फुलाचं अडेनियम नसतं, हे नंतर कळलं. फोटोत रंग बदलून विकतात. तुम्ही तरी त्या नादाला लागू नका.

बाकीच्या बिया मात्र खऱ्या होत्या. बाबांच्या शेतातून उत्तम काळी माती आणली, शेणखत मिसळलं, रोज सकाळी पाणी घातलं. साठच्या वर रोपं आली. मी फोटो टाकले. जुलैत पहिला लागून पाऊस झाला आणि आठवड्याभरात एकेक रोप आडवं पडायला लागलं. हात लावला की बुंधा पिकल्या केळासारखा मऊ. आतून तपकिरी पाणी. महिनाअखेर एकही उरलं नाही.

बाबा गच्चीवर आले, कुंडीतली माती चिमटीत घेऊन दाबली आणि म्हणाले, "पोरी, कायी माती पराटीले पोसते, कारन ते पानी धरून ठेवते. तुह्या झाडाले वाळवंटातून आनलं अन् चिखलात उभं केलं. मंग ते काय करीन?"

शेतकऱ्याच्या मुलीला मातीवरून ऐकून घ्यावं लागलं, याची लाज रोपं मेल्यापेक्षा जास्त होती. आपल्याला वाटतं वाळवंटातलं झाड उन्हानं, तहानेनं मरेल. ते तर त्याला येतंच. ते मरतं ते आपल्या मायेनं घातलेल्या पाण्यानं.

आजीनं केलेलं वर्गीकरण

त्याच वर्षी, हट्टानं, फुललेली दोन कलमी झाडं विकत घेतली. एक गर्द लाल, एक लाल पण काळपट कडेचं. आजीनं निरखून पाहिलं. एक पान तोडलं, देठातून पांढरा चीक आला, तो तिनं लगेच पदराला पुसला आणि निकाल दिला: "हे तं कन्हेर हाय. पाय सुजलेली कन्हेर."

तेव्हा मी हसले. वर्षभरानं, एडनच्या मागावर असताना, कळलं की आजीच्या आधी अडीचशे वर्षं एका माणसानं हेच म्हणून ठेवलंय.

त्याचं नाव पेटर फोर्सकोल. 1732 साली हेलसिंकीत जन्मलेला, वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा विद्यार्थी. डोकं तल्लख आणि स्वभाव वाकडा. 1759 मध्ये त्यानं नागरी स्वातंत्र्यावर एक छोटी पुस्तिका छापली. सरकारनं ती जप्त करायचा हुकूम काढला आणि प्रती गोळा करायचं काम उप्साला विद्यापीठाचा रेक्टर म्हणून खुद्द लिनियसवर आलं. गुरूनं शिष्याची पुस्तकं गोळा करायची!

पुढं डेन्मार्कच्या राजानं अरबस्तानात एक शोधमोहीम पाठवायचं ठरवलं. सहा माणसं: भाषेचा अभ्यासक फॉन हाफेन, निसर्गाचा अभ्यासक फोर्सकोल, मोजणी आणि नकाशे करणारा कार्स्टन नीबूर, डॉक्टर क्रामर, चित्रकार बाउरेनफाइंड आणि नोकर बेर्ग्रेन. 4 जानेवारी 1761 रोजी त्यांचं जहाज कोपनहेगनहून निघालं. इतिहासाच्या शिक्षकाला ही तारीख वाचून थांबावंच लागतं. दहाच दिवसांनी, 14 जानेवारीला, इकडे पानिपत झालं. आपली एक अख्खी पिढी कापली जात होती, तेव्हा ही सहा माणसं उत्तरेच्या समुद्रात वादळाशी झगडत होती. एकाला दुसऱ्याची खबरबात नव्हती.

इजिप्तमार्गे ही मंडळी 1762च्या अखेरीस येमेनला पोचली. फोर्सकोल अरबी शिकला होता. स्थानिक कपडे घालून, गाढवावर बसून तो डोंगर धुंडाळायचा आणि लोकांना विचारून प्रत्येक वनस्पतीचं अरबी नाव टिपून घ्यायचा. त्यात त्याला हे झाड दिसलं. खालून हंड्यासारखं फुगलेलं, वर थोड्या फांद्या, टोकाला फुलं, आणि कापलं की चीक. त्यानं त्याला नाव दिलं नेरियम ओबेसम. नेरियम म्हणजे कण्हेरीची प्रजाती. ओबेसम म्हणजे लठ्ठ.

लठ्ठ कण्हेर. आजी आणि फोर्सकोल, दोघांचं उत्तर एक.

दोघंही फार चुकले नव्हते. कण्हेर, चाफा, सदाफुली, रुई आणि हे अडेनियम, सगळी एकाच कुळातली. सगळ्यांत चीक आणि बहुतेकांत विष. कण्हेरीसारखंच अडेनियमचं विषही हृदयावर काम करतं. आफ्रिकेत शिकारी त्याचा चीक उकळून बाणांना लावत. म्हणून छाटणी केली की हात साबणानं धुवायचे, डोळ्याला लावायचे नाहीत, आणि लहान मुलं, बकऱ्या यांच्यापासून कुंडी लांब ठेवायची.

एकटा उरलेला माणूस मुंबईत

येमेननं या मोहिमेला सोडलं नाही. मे 1763 मध्ये मोखा बंदरात फॉन हाफेन गेला. जुलैत यरीम नावाच्या गावी मलेरियानं फोर्सकोल गेला. वय एकतीस. उरलेले चौघं तापानं फणफणत इंग्रजांच्या जहाजावर चढले. ऑगस्टअखेर भर समुद्रात चित्रकार बाउरेनफाइंड आणि नोकर बेर्ग्रेन गेले. सप्टेंबरमध्ये जहाज बंदराला लागलं तेव्हा दोघंच उरले होते. ते बंदर म्हणजे मुंबई.

फेब्रुवारी 1764 मध्ये डॉक्टर क्रामर मुंबईत वारला. राहिला एकटा नीबूर.

तो वर्षभराहून जास्त काळ आपल्याकडे होता. नुसता आजारी पडून राहिला नाही. मचव्यात बसून घारापुरीला गेला, तीन वेळा गेला, आणि लेणी मोजून त्यांचे नकाशे, मूर्तींची चित्रं काढली. युरोपात घारापुरीची मोजमापासह चित्रं पोचली त्यांत त्याचा वाटा मोठा. 1764च्या डिसेंबरमध्ये तो निघाला. इराणात पर्सेपोलिसला थांबून त्यानं दगडांवरचे कीलाक्षरी लेख इतके काटेकोर उतरवून घेतले की पुढं ती लिपी उलगडायला त्यांचा उपयोग झाला. 1767च्या नोव्हेंबरात कोपनहेगनला परतला, तेव्हा मोहीम पाठवणारा राजाही हयात नव्हता.

घरी आल्यावर नीबूरनं आणखी एक काम केलं, आणि ते मला सगळ्यांत मोठं वाटतं. मेलेल्या मित्राचे कागद त्यानं नीट लावून घेतले. वनस्पतिशास्त्र हा त्याचा विषय नव्हता. तरी 1775 मध्ये फोर्सकोलचा इजिप्त आणि अरबस्तानच्या वनस्पतींवरचा ग्रंथ त्यानं छापून आणला. त्यातच आपली लठ्ठ कण्हेर आहे. लिहिणाऱ्याला जाऊन बारा वर्षं झाली होती.

1819 मध्ये रोमर आणि शुल्टेस या दोघांनी ठरवलं की हे झाड कण्हेरीहून वेगळं, त्याला स्वतःची प्रजाती हवी. तेव्हापासून त्याचं शास्त्रीय नाव पूर्ण लिहायचं तर असं लिहितात: अडेनियम ओबेसम (फोर्स्क.) रोम. अँड शुल्ट. ज्यानं ते डोंगरात शोधलं तो कंसात, तेही अर्ध्या नावानं.

शिष्य गेल्यावर लिनियसनं एका रानवनस्पतीला त्याचं नाव दिलं. ती कपड्यांना चिकटली की सुटत नाही. गुरूला शिष्याचा स्वभाव नीट ठाऊक होता.

नावांचा विषय निघालाच आहे तर आपल्या घरचं एक उदाहरण. सह्याद्रीच्या कड्यांवर, शिवनेरीसारख्या जागी, याच कुळातली एक दुर्मीळ मांसल वनस्पती उगवते. आपण तिला शिंदळ माकुडी म्हणतो. शास्त्रात तिचं नाव फ्रेरिया इंडिका, 1860च्या दशकातला मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्यावरून. कड्यावर चढून ती वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या माणसांचं नाव कंसातसुद्धा नाही.

वर्गातल्या प्रश्नाचं उत्तर

आता मागच्या बाकावरचा प्रश्न. एडनला कैदी कसा पाठवता आला?

कारण तेव्हा एडन मुंबईचंच होतं. जानेवारी 1839 मध्ये कॅप्टन हेन्स यानं ते बंदर इंग्रजांसाठी जिंकलं आणि त्याचा कारभार मुंबई सरकारकडे आला. वाफेच्या बोटींना युरोप आणि मुंबईच्या मधोमध कोळसा भरायला जागा हवी होती. ती ही. सैन्य मुंबईहून, हुकूम मुंबईहून. ही व्यवस्था 1932 पर्यंत चालली. म्हणजे जवळजवळ शतकभर पुणे, रत्नागिरी आणि एडन एकाच इलाख्यात होती. आमचा वऱ्हाड तेव्हा मुंबईत नव्हता, तो निजामाकडून 1853 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेलेला वेगळा मुलूख. गंमत अशी की कागदोपत्री पुण्याला एडन आपलं होतं आणि खामगाव परकं.

फडक्यांना म्हणूनच तिकडे धाडलं. देशाबाहेर, पण सरकारच्या मुठीत. त्यांनी तिथून निसटायचा प्रयत्न केला, पकडले गेले, आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजी तिथंच गेले. वय सदतीस.

स्वातंत्र्यावर पुस्तिका लिहिणारा एकजण येमेनच्या डोंगरात गेला, स्वातंत्र्यासाठी बंड करणारा एकजण येमेनच्या किनाऱ्यावर. दोघांमध्ये एकशेवीस वर्षं. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही आणि मी तो ओढूनताणून जोडणार नाही. पण दुसऱ्या दिवशी वर्गात मी फडक्यांचं उत्तर देताना अडेनियमची एक कुंडी टेबलावर ठेवली होती. घंटा झाल्यावरही पोरं उठली नाहीत.

दोन विवरं आणि विटांचा चुरा

एडनबद्दल वाचताना आणखी एक गोष्ट भेटली. जुनं एडन शहर एका विझलेल्या ज्वालामुखीच्या विवरात वसलंय. त्या भागाचं नावच क्रेटर. पाऊस अगदी थोडा, म्हणून डोंगराच्या उतारावर प्राचीन काळी दगडात टाकी कोरली होती. इंग्रजांना ती गाळानं भरलेली सापडली आणि त्यांनी ती उपसून दुरुस्त केली.

बुलडाण्याच्या माणसाला विवर म्हटलं की लोणार आठवणारच. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली, आणि पुढं शतकभराहून जास्त काळ बहुतेक अभ्यासकांना तेही ज्वालामुखीचंच विवर वाटत होतं. 1970च्या दशकात खडकांच्या तपासणीतून पक्कं झालं की ते अशनी आदळून झालंय. रुंदी साधारण 1.8 किलोमीटर, आणि आदळला तो काळ्या बेसाल्टवर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरून दख्खन तयार झालं, तोच हा खडक. तो झिजून आमची काळी माती झाली.

म्हणजे एडनचा आणि आमचा खडक, दोन्ही आगीतूनच आलेले. मग एडनकडचं झाड आमच्या मातीत का कुजलं?

उत्तर बाबांनी आधीच दिलं होतं. खडक महत्त्वाचा नाही, तो किती बारीक झाला ते महत्त्वाचं. येमेनच्या उतारावर हे झाड दगडांच्या फटीत असतं. पाणी आलं की वाहून जातं, मुळांना हवा मिळते. आमची काळी माती इतकी बारीक की पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात भेगा पडून फाटते आणि पावसाळ्यात एकजीव चिखल होते. कपाशीसाठी सोनं. अडेनियमसाठी कबर.

म्हणून 2022च्या मार्चमध्ये पेरलं तेव्हा काळी माती चिमूटभरही घेतली नाही. जुन्या वाड्याच्या पडक्या विटा आणल्या, फोडल्या, वाटाण्याएवढे तुकडे चाळून घेतले, धूळ धुऊन टाकली. दोन भाग विटांचे तुकडे, एक भाग जाडी वाळू, एक भाग कोकोपीट आणि जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत मिळून. कुंडी उथळ, खाली मोठी भोकं. पाणी घातलं की लगेच खालून टपकायला हवं. दहा सेकंदांत टपकलं नाही तर मिश्रण पुन्हा चाळायचं.

बिया कोमट पाण्यात काही तास भिजवल्या, आडव्या ठेवल्या आणि वरून वाळूचा पातळ थर. उभ्या खोचायच्या नाहीत, खोल पुरायच्या नाहीत. आमच्याकडचा मार्च म्हणजे तिला हवी तशी ऊब. चौथ्या-पाचव्या दिवशी रोपं डोकं वर काढतात, आणि गंमत म्हणजे जन्मतःच खालून गुबगुबीत असतात. पहिले काही आठवडे ओल टिकवायची. चार-सहा पानं आली की वरची माती वाळू द्यायची आणि मगच पाणी. हळूहळू ऊन वाढवायचं.

जूनमध्ये सगळं प्लॅस्टिकखाली. ऊन यायला हवं, पाऊस नको, आणि चारी बाजूंनी वारा खेळायला हवा. थंडीत पानं पिवळी होऊन गळतात. पहिल्या वर्षी मी घाबरून पाणी घातलं असतं. आता कळतं, झाड झोपलंय, त्याला उठवायचं नाही. फेब्रुवारीत उपटून पाहायचं, सोटमूळ छाटायचं, जखम आठवडाभर सावलीत वाळू द्यायची आणि पुन्हा लावताना बुंधा बोटभर वर उचलायचा. दर वर्षी थोडा थोडा. तो पायांचा फुगीर आकार असा येतो.

आणि रोज एकदा बुंधा बोटानं दाबायचा. टणक असेल तर उत्तम. माती कोरडी आणि बुंधा मऊ, तर तहान लागलीय. माती ओली आणि बुंधा मऊ, तर लगेच उपटायचं, सडका भाग पांढरं निरोगी अंग दिसेपर्यंत कापायचा आणि वाळवायचं. पाच-सात रोपं मी अशी वाचवली. बाकीची वेळेवर दाबली नाहीत म्हणून गेली.

बी आणि कलम

या बिया विकतच्या नव्हत्या. त्या माझ्या दोन कलमी झाडांच्या.

अडेनियमला आपल्याकडे आपोआप शेंगा क्वचितच लागतात. त्याचे पराग फुलाच्या नळीत, पाच परागकोशांच्या सुळक्याआड दडलेले असतात. 2021च्या ऑक्टोबरात मी एका झाडाचं फूल बाजूनं फाडून, बारीक ब्रशनं पराग काढून दुसऱ्याच्या फुलात आत घातले. वीस-पंचवीस फुलांमागे एक साधलं. बैलाच्या शिंगांसारखी शेंगेची जोडी आली. ती पिकली की तडकते आणि बिया उडून जातात, कारण प्रत्येक बीच्या दोन्ही टोकांना रेशमी केसांचा झुबका असतो. रुईची म्हातारी लहानपणी सगळ्यांनी उडवलीय. ही तिचीच चुलतबहीण, फक्त झुबके दोन. म्हणून शेंगेला दोरा गुंडाळून ठेवतात. तीन-साडेतीन महिन्यांनी शेंग वाळून फुटायला आली. 44 बिया मिळाल्या. 37 उगवल्या.

बाजारात मात्र मागणी कलमांना. थायलंड, तैवानमध्ये लोकांनी या झाडाचे शेकडो रंग तयार केलेत: दुहेरी, तिहेरी पाकळ्यांचे, पट्ट्यांचे, पिवळे, जवळजवळ काळे. त्यांच्या फांद्या बियांच्या रोपांवर बांधून कलमं होतात. प्रत्येकाला नाव असतं, नंबर असतो. गिऱ्हाईक फोटो दाखवून म्हणतं, हेच पाहिजे. कलमात तेच मिळतं, हुबेहूब.

बियांच्या रोपात तसं वचन नाही. आईबाप कितीही देखणे असोत, प्रत्येक बी नवीन. फूल येईपर्यंत रंग सांगता येत नाही आणि त्यासाठी दीड-दोन वर्षं थांबावं लागतं. माझ्याकडे येणारे पहिलं हेच विचारतात, "कलमी आहे का? नाव काय?" नाही म्हटलं की किंमत निम्म्यावर येते. मला ते वाक्य ओळखीचं वाटतं. दर जूनमध्ये माझ्या नेमणुकीबद्दलही साधारण हेच विचारलं जातं: कायम आहे का?

पण एक गोष्ट गिऱ्हाइकांना माहीत नसते. ज्या कलमाचं ते कौतुक करतात त्याच्या खालचा तो डौलदार फुगीर बुंधा बहुतेक वेळा बियांच्या रोपाचा असतो. नुसती फांदी लावली तर झाड जगतं, फुलतंही, पण तसा पाय धरत नाही. कलमाचं नाव वर, त्याला उभं करणारं बिननावाचं रोप खाली. कंसातल्या फोर्सकोलसारखं.

पहिलं फूल

37 रोपांतली 21 आज आहेत. पहिलं फूल 2024च्या मार्चमध्ये आलं. आईबाप गर्द लाल, म्हणून माझ्या अपेक्षा मोठ्या होत्या. कळी वाढताना रोज दोनदा जाऊन बघत होते. आई म्हणाली, "एवढं तर तुझ्या निकालालाही नव्हतं बघितलं."

उमललं ते साधं गुलाबी. एकेरी पाच पाकळ्या, कडेला गडद, आत येताना फिकट होत गेलेल्या, गळ्याशी जवळजवळ पांढऱ्या. कुठल्याही नर्सरीत सगळ्यात स्वस्त मिळतं तसं. त्याच दुपारी एक गिऱ्हाईक आलं होतं. त्यानं पाहिलं आणि म्हणालं, "साधाच निघाला की. हा नको."

वाईट वाटलं. दोन वर्षं, विटा फोडून हाताला आलेले घट्टे, प्लॅस्टिकची उघडझाक. मग संध्याकाळी शांतपणे बसून पाहिलं. येमेनच्या डोंगरांवर, ओमानमध्ये, पूर्व आफ्रिकेत हे झाड रानात फुलतं तेव्हा साधारण असंच दिसतं. गुलाबी, आत फिकट. माणसांनी केलेले सगळे रंग पुसून ते बी आपल्या मूळ रंगाकडे गेलं होतं. नीबूरच्या पेटीतून मुंबई बघून गेलेल्या कागदांत ज्या झाडाची नोंद आहे, ते झाड आमच्या गच्चीवर उमललं होतं.

बाबा वर आले. थोडा वेळ बघून म्हणाले, "चांगलं हाय की. काहून तोंड पाडून बसली?"

ती कुंडी मी विकायला ठेवली नाही. तिच्यावर लेबल लावलंय. फॅन्सी नाव नाही सुचलं, म्हणून आजीचंच घातलं: पाय सुजलेली कण्हेर. खाली पेरणीची तारीख, पहिल्या फुलाची तारीख, आणि बी कुणी धरलं त्याचं पूर्ण नाव. कंसाशिवाय.

या वर्षी तिच्यावर शेंगेची पहिली जोडी धरलीय. दोरा बांधून ठेवलाय. एडनचा प्रश्न विचारणारा मुलगा आता पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो परवा येऊन विचारून गेला की फुटली की चार बिया मिळतील का. त्याच्या घरची माती काळीच आहे. मी त्याला आधी विटा गोळा करायला सांगितलंय.